बेताच्या ऐपतीची भारी रायफल

ज्याची ऐपत बेताची आहे, परंतु ज्याच्या वाट्याला येणारे जनावर मात्र बेताचे नाही, अशा मनुष्याने कोणती रायफल बाळगावी, हा प्रश्न आपल्या देशात निदान दीडशे वर्षे चर्चिला जात आहे. आणि जेव्हा जेव्हा तो सुटल्यासारखा वाटला तेव्हा तेव्हा, बारकाईने पाहता, उत्तर देणाऱ्याने प्रश्नाचा निम्मा भाग सोयिस्करपणे बाजूला ठेवलेला आढळतो. लंडनच्या बंदूकवाल्याने ऐपतीचा भाग सोडला, जंगलखात्यातील कनिष्ठ अंमलदाराने नाइलाजाने जनावराचा सोडला, आणि सरकारने तर दोन्ही सोडून केवळ नळीचा व्यास तेवढा पाहिला.

मावळ तालुक्याच्या पूर्व अंगास असलेले सुदुंबरे हे गाव संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या वाहिनीच्या मुक्कामामुळे सरकारी दप्तरांना परिचित आहे. शिकारीसाठी त्याची ख्याती कोणी सांगत नाही. तरीही या प्रश्नाचा विचार करावयास हे ठिकाण सोयीचे आहे, कारण त्याच्या एका अंगास खेड तालुका लागतो, जो जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर यांच्यासह जुन्नर वनविभागात मोडतो व जेथील उसाच्या फडांत बिबट्याने गेल्या पंचवीस वर्षांत कायमचे बिऱ्हाड केले आहे. आणि दुसऱ्या अंगास, देहूरोड ओलांडून पंचवीस-तीस किलोमीटरांवर, खडकीचा तो दारूगोळ्याचा कारखाना आहे, जो १८६९ साली निघाला आणि ज्याच्या ‘के. एफ.’ या दोन अक्षरांचा शिक्का बुडाशी असलेली काडतुसे देशभरच्या परवानाधारकांच्या कंबरपट्ट्यांत आजही सापडतात. जनावर एका हाताला आणि काडतूस दुसऱ्या हाताला, असा हा योग आहे. मध्ये १९७२ चा वन्यजीव कायदा उभा आहे, आणि तो १९९१ च्या दुरुस्तीपासून इतका स्पष्ट आहे की हौसेची शिकार या देशात कोणालाही, कोणत्याही रायफलीने, करता येत नाही. म्हणून हा आढावा बव्हंशी होऊन गेलेल्या गोष्टींचा आहे. परंतु सर्वस्वी नव्हे, हे पुढे दिसेल.

प्रथम ‘स्वस्त’ म्हणजे काय, याचा उलगडा केला पाहिजे. रायफलीचा खर्च तीन खात्यांवर पडतो. पहिले खाते खरेदीच्या किमतीचे. ते सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. दुसरे काडतुसांचे, आणि ज्याने वर्षाकाठी पाचच गोळ्या झाडल्या तो मनुष्य सहाव्या गोळीला, म्हणजे जी अंगावर धावून येणाऱ्या जनावरावर झाडावयाची त्या गोळीला, नवशिकाच असतो, ही गोष्ट ध्यानात घेता हे खाते पहिल्यापेक्षा मोठे ठरते. तिसरे खाते चुकलेल्या गोळीचे. आणि त्यातील विशेष असा की, ते भरणारा मनुष्य पुष्कळदा गोळी झाडणारा नसतोच. माझे म्हणणे एवढेच आहे की, या देशात स्वस्त रायफलीची म्हणून जी जी शिफारस झाली, ती जवळजवळ प्रत्येक वेळी पहिले खाते पाहून झाली; दुसरे सरकारने आपल्या हाती ठेवले आणि तिसरे हाकाऱ्यात जनावर उठविणाऱ्या माणसांच्या नावे टाकले गेले.

काळ्या दारूच्या जमान्यात हा हिशेब पुष्कळ सरळ होता. शिशाच्या एका पौंडात नळीच्या मापाच्या जितक्या गोल गोळ्या बसतील तितक्या ‘बोर’ची ती बंदूक, म्हणजे बारा बोरची गोळी सुमारे अडतीस ग्रॅमची, आठ बोरची त्याच्या दीडपट आणि चार बोरची तिप्पट. वेग फारसा वाढविता येत नसे, म्हणून वजन वाढवावयाचे, आणि वजन वाढले की बंदूक वाढली, इतकी की आठ बोरची दुनळी रायफल सात किलोंच्या घरात जाई व ती वाहून नेण्यास स्वतंत्र मनुष्य लागे. मैसुरात हत्ती धरण्याच्या कामावर असलेल्या सँडरसनने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गवा आणि हत्ती यांसाठी असल्याच भारी बोरांचा पुरस्कार केला. सातपुड्याच्या जंगलांत वावरलेल्या कॅप्टन फोर्सिथने त्याआधीच गोल गोळी, अगदी थोड्या पिळाची नळी आणि दारूचा सढळ भार यांची युती सुचविली होती. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा औट्राम तर १८२५ नंतरच्या दशकात वाघाचा पाठलाग पायी करी, आणि त्याच्या हातात जे हत्यार होते ते आजच्या कोणत्याही कसोटीने अपुरेच म्हणावे लागेल. त्याचे यश भिल्ल वाटाड्यांच्या माग काढण्याच्या विद्येवर जितके उभे होते तितके बंदुकीवर नव्हते. त्या विद्येला किंमत पडत नसे, असे नव्हे; ती यादीत लिहीत नसत एवढेच.

याच काळात सह्याद्रीच्या खेड्यांत ठासणीची बंदूक होती. शिसे वितळवून घरी गोळी पाडावी, दारू मोजून भरावी, चिंधी ठासावी, आणि झाडावर बसून एकच बार टाकावा. ती खरोखर स्वस्त होती. आणि तिच्या मालकाला तिची मर्यादा ठाऊक असल्यामुळे तो बिबट्या किंवा रानडुक्कर हाताच्या अंतरावर येईपर्यंत चाप ओढीत नसे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांवर परवान्याची सक्ती केली व युरोपियनांना तीतून मोकळे ठेवले, तेव्हा या स्वस्त हत्याराचीही किंमत वाढली, कारण तिच्यात मामलेदार कचेरीच्या खेपा मिळविल्या गेल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरहीन दारू आली आणि सारे गणित बदलले. रिग्बीने १८९८ च्या सुमारास बाजारात आणलेली .४५० ची नायट्रो एक्सप्रेस ही ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे एकतीस ग्रॅमची, गोळी सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक वेगाने फेकी. आठ बोरच्या तोफवजा बंदुकीचे काम आता पाच किलोंच्या दुनळीत होऊ लागले. दुनळीचे समर्थक सांगत ते खोटे नव्हते: दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र घोडे, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा शिल्लक, आणि दुसरी गोळी झाडण्यास हात हलवावा लागत नाही. पण दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळविणे हे कारागिराचे काम, त्यास आठवडे लागत, आणि त्याची मजुरी लंडनच्या दराने पडे. लष्करी अंमलदाराला किंवा लहानशा संस्थानच्या दिवाणाला ती परवडे. तालुक्याच्या ठिकाणच्या मनुष्याला कधीच नाही.

सरकारने १९०७ च्या सुमारास केलेली आज्ञा या ठिकाणी सांगितली पाहिजे, कारण तिच्याइतका विचित्र प्रभाव कोणत्याही जनावराने रायफलीच्या बांधणीवर टाकलेला नाही. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास .४५० होता, तिची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीने हिंदुस्थान व सुदान येथे त्या व्यासाची आयात बंद करण्यात आली. वस्तुतः नायट्रो एक्सप्रेसचे लांबलचक काडतूस मार्टिनीत बसण्याची सुतराम शक्यता नव्हती. तथापि हुकूम तो हुकूम; लंडनच्या घराण्यांनी व्यास थोडा थोडा सरकवून .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी एक वंशावळच निर्माण केली, आणि जे काम एका काडतुसाने भागले असते त्यासाठी अनेक निघाली. याचा भुर्दंड पुन्हा गरिबाला पडला: प्रत्येक काडतूस थोड्याथोडक्यांचे, म्हणून महाग, आणि एखाद्या गावी रायफल असे तर काडतूस मुंबईहून मागवावे लागे. .३०३ हा तर चालू लष्करी व्यास, म्हणून तोही खासगी मनुष्याला वर्ज्य झाला. आणि त्याचेच एक फळ म्हणजे ज्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहावयाचे आहे ते .३१५.

दुनळीची मक्तेदारी मोडली ती एका जर्मन यंत्रणेने. पॉल माउझरची १८९८ ची बोल्टची यंत्रणा कारखान्यात हजारांनी तयार होई. तीत चांगली नळी बसविली की चार-पाच गोळ्यांची भक्कम रायफल दुनळीच्या किमतीच्या लहानशा अंशात उभी राही. आणि येथे एक बारकावा आहे, जो बंदुकांच्या याद्यांत कोठे ठळकपणे लिहिलेला नसतो, पण स्वस्ताईचे खरे बीज तोच आहे: यंत्रणेची लांबी. सर्वसाधारण माउझर यंत्रणेत सुमारे ३.३४ इंच लांबीचे काडतूस मावते. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली काढलेले .३७५ मॅग्नम ३.६ इंचांचे आहे, रिग्बीचे .४१६ त्याहून लांब. म्हणून त्यांना खास लांब यंत्रणा लागे, ती थोड्या संख्येने तयार होई, आणि म्हणून ती महाग. उलटपक्षी ज्या काडतुसाला सर्वसाधारण यंत्रणा पुरली ते स्वस्त झाले. वेस्टली रिचर्ड्सचे .४२५ या हिशेबानेच १९०९ मध्ये आखले गेले, आणि जर्मनांचे १०.७५ मिलिमीटरचे, ज्याला आपल्याकडे .४२३ माउझर म्हणत, तेही त्यात सहज बसे. म्हणून दोन महायुद्धांच्या मधल्या काळात साधारण ऐपतीच्या भारतीय शिकाऱ्याच्या हाती जी भारी रायफल दिसे ती पुष्कळदा .४२३ असे.

ती चांगली होती काय? कागदावर उत्तम. ३४७ ग्रेनची गोळी, बावीसशे फुटांच्या आसपास वेग, साडेतीन हजार फूट-पौंडांहून अधिक जोर. वाघाला ती पुरून उरे. परंतु तिची गोळी आपल्या जाडीच्या मानाने आखूड होती. आणि गोळी हाडामांसात किती खोल जाईल हे तिच्या जोरापेक्षा तिच्या वजनाचे तिच्या छेदाशी जे प्रमाण असेल त्यावर अधिक अवलंबून असते. .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीचे हे प्रमाण .३०५ आहे, .४२३ चे .२७७. आकडा क्षुल्लक दिसतो. पण दहा क्विंटलांच्या गव्याच्या खांद्यापुढे उभे राहिल्यावर तो क्षुल्लक राहत नाही. गव्याची कातडी, खांद्याची ढाल आणि तिच्या आतले हाड यांतून आरपार जाण्यास अखंड कवचाची लांब गोळी पाहिजे; .४२३ ची जुनी मऊ तोंडाची गोळी तेथे फुटून वरवर राही, आणि जखमी गवा जंगलात निघून जाई. दाजीपूर-राधानगरीच्या रानांत किंवा कारवारच्या सीमेवर गव्यासाठी रायफल निवडणाऱ्याला आणि मेळघाटात वाघासाठी निवडणाऱ्याला एकच उत्तर देता येत नसे, ते यामुळे.

अमेरिकेचे .४०५ विंचेस्टर हा या काळातला दुसरा गरीब उमेदवार. १८९५ च्या नमुन्याची, दांडी खालीवर करून काडतूस भरावयाची ही रायफल दुनळीच्या मानाने फार स्वस्त. थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिकेतल्या शिकारीत ती सिंहांवर वापरली, आणि दक्षिणेत केनेथ अँडरसनने आपले नरभक्षक बहुधा हिनेच मारले. तिची ३०० ग्रेनची गोळी .३७५ च्या गोळीइतक्याच वजनाची, पण जाड आणि म्हणून आखूड. तिचे प्रमाण अवघे .२५२. वाघ, बिबट्या, अस्वल यांच्या मऊ अंगाला हा दोष नव्हेच, किंबहुना तेथे आखूड गोळीचा दणका लवकर लागू पडतो. केवळ वाघ-बिबट्यासाठी स्वस्त रायफल हवी असती, तर त्या काळात .४०५ हीच मी पहिली मानली असती. गव्यासाठी मात्र अजिबात नाही.

एवढ्यात कोणी तरी जिम कॉर्बेटचे नाव काढतो. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली त्याला बक्षीस मिळालेली .२७५ ची हलकी रिग्बी रायफल, आणि तिनेच १९२६ मध्ये पडलेला रुद्रप्रयागचा बिबट्या. त्याचप्रमाणे आफ्रिकेत बेल नावाच्या हस्तिदंतवाल्याने त्याच मापाच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले, ही दुसरी साक्ष. मग भारी रायफल हवी कशाला? हा युक्तिवाद ऐकण्यास गोड आहे, आणि त्याने जितकी माणसे फसविली तितकी कोणत्याही जाहिरातीने फसविली नसतील. कॉर्बेटजवळ .२७५ शिवाय .४५०/४०० ची जेफ्रीची दुनळी होती, आणि जखमी वाघाच्या मागे गवतात शिरावयाचे तेव्हा तो ती हातात घेई; बेल हत्तीच्या मेंदूचे स्थान कवटी कापून शिकला होता. हलकी रायफल स्वस्त पडते ती खरेदीत. तिच्याबरोबर लागणारे डोळे, धीर आणि पंचवीस वर्षांचे जंगल विकत मिळत नाही.

आता .३१५. आठ मिलिमीटरचे हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या मानलिखर रायफलीचे; .३०३ ची मनाई झाल्यावर इंग्लंडच्या बी. एस. ए. कंपनीने ली-एन्फील्डच्याच यंत्रणेवर ते बसवून हिंदुस्थानच्या बाजारासाठी रायफल काढली. स्वातंत्र्यानंतर इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने तिचा कित्ता गिरविला, आणि तिचे काडतूस खडकीहून येऊ लागले. अशा रीतीने स्वदेशी रायफल आणि स्वदेशी काडतूस हा योग जुळणारी ही दीर्घकाळ जवळजवळ एकटीच. दुसऱ्या खात्याचा हिशेब जिने खऱ्या अर्थाने कमी केला अशीही एकटीच. तिची २४४ ग्रेनची गोळी लांब व निमुळती आहे, आणि मघाच्या प्रमाणाने पाहिले तर ती .३३४ भरते, म्हणजे .३७५ च्याही वर. त्यामुळे ती शिरते खोल, याविषयी तक्रार नाही. तक्रार जोराची आहे: सव्वादोन हजार फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे .३७५ च्या जेमतेम निम्मा. खांद्यामागे नेमकी लागली तर वाघ मरतो. पण तो लगेच मरत नाही, आणि मरण्यापूर्वीचे ते मिनिट हाकाऱ्यातल्या माणसांच्या वाट्याला येते. चितळ, सांबर, रानडुक्कर यांच्यासाठी ही रायफल चोख आहे. सरकारी जंगलरक्षकाच्या किंवा सहकारी बँकेच्या पहारेकऱ्याच्या हाती ती शोभते. परंतु ती भारी जनावराची रायफल नव्हे, आणि पन्नास-साठ साली मध्य प्रदेश-विदर्भाच्या जंगलांत ती तशी वापरली गेली ती दुसरे काही हाती नव्हते म्हणून.

तिच्याही खालच्या पायरीवर बारा बोरची दुनळी. खानदानी मनुष्याकडे शिशाची एकच भारी गोळी पिळदार तोंडातून फेकणारी ‘पॅरडॉक्स’ असे. कर्नल फॉसबेरीच्या पेटंटावर हॉलंडने १८८५ च्या सुमारास ती काढली, आणि पन्नास पावलांवर ती वाघालाही पुरे पडे. परंतु खेड्यापाड्यांत बारा बोर म्हणजे ‘एल. जी.’ किंवा ‘एस. जी.’चे मोठे छर्रे, आणि बिबट्यावर ते झाडणे हा आपल्याकडील शिकारीच्या इतिहासातला सर्वांत महाग स्वस्त उपाय होय. वीस पावलांवर, मचाणावरून, खाली पाहणाऱ्या जनावरावर छर्रे घोसाने लागतात आणि काम होते. चाळीस पावलांवर ते विखुरतात. चार-सहा कातडीखाली बसतात. बिबट्या झुडपात शिरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा माग काढावयास कोण जातो? बंदूकवाला पुढे असतो हे खरे, पण त्याच्या दोन्ही बाजूंस काठ्या घेतलेली, दिवसाच्या मजुरीवर आलेली माणसे असतात, आणि जखमी बिबट्या ज्याच्या अंगावर येतो तो पुष्कळदा त्यांतलाच एक असतो. जुन्या शिकारकथांत या माणसांची नावे क्वचित सापडतात. सापडतात ती ‘दुर्दैवाने’ या शब्दाच्या पाठोपाठ. वाघजाईच्या ठाण्यावर नवस फेडणाऱ्या त्यांच्या घरच्यांनी तिसऱ्या खात्याची बाकी भरली. म्हणून मला वाटते की, भारी रायफल ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने ते हाकाऱ्याच्या ओळीत उभे राहून म्हणावे.

स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत प्रश्न सुटण्याच्या बेतास आला होता, आणि तेवढ्यातच तो संपला. विंचेस्टरने त्याआधीच, १९३७ पासून, आपल्या ‘मॉडेल ७०’ या कारखानी रायफलीत .३७५ देण्यास आरंभ केला, तेव्हा लांब यंत्रणेची महागाई मोडली. १९५६ मध्ये त्याच कंपनीने .४५८ मॅग्नम काढले, ते तर ५०० ग्रेनची गोळी ३.३४ इंचांच्या सर्वसाधारण लांबीत बसवून दुनळीचा जोर सामान्य किमतीत देण्याच्या उघड उद्देशाने. त्याच्या आखूड कोठीत दारू इतकी दाबून भरावी लागे की ती कधी कधी ढेकूळ बनून नीट पेटत नसे, आणि आफ्रिकेच्या उन्हात याची लाज काही जणांना पत्करावी लागली; पुढे दारू सुधारली. चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो कारखान्याने मोठी, मजबूत, बेताच्या किमतीची माउझर पद्धतीची रायफल .३७५ व .४५८ मध्ये आणली. पण आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यपशुपक्षी संरक्षणाचा कायदा, मग १९६९ साली दिल्लीत भरलेली निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय सभा, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर आलेली बंदी, १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९७३ मधला व्याघ्रप्रकल्प, ज्याच्या पहिल्या नऊ अभयारण्यांत मेळघाट होता, अशी पावले भराभर पडली. पुढे ऐंशीच्या दशकात खासगी मनुष्यास शस्त्रे आयात करण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. परिणाम असा की, देशात शिल्लक असलेल्या .३७५ रायफली तेवढ्याच राहिल्या, त्यांची किंमत स्वदेशी रायफलीच्या कित्येक पट झाली, आणि ज्यांच्यासाठी त्या केल्या होत्या ती जनावरे कायद्याच्या छत्राखाली गेली. हे छत्र उभारले गेले ते उशिरा, एवढाच त्याविरुद्ध माझा आक्षेप.

परदेशी स्थायिक झालेल्या, आफ्रिकेत कायदेशीर शिकारीस जाणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाने हाच प्रश्न आज विचारला, तर उत्तर थोडक्यात देता येते: .३७५, वापरलेली, कारखानी बनावटीची, आणि वाचलेले पैसे काडतुसांवर. तिकडच्या कित्येक देशांनी धोकादायक जनावरासाठी .३७५ हीच किमान मर्यादा ठरविली आहे. लांबीचा तो जुना बारकावा तेथेही संपलेला नाही; २००७ साली निघालेले .३७५ रूगर हे पुन्हा ३.३४ इंचांतच बसविलेले आहे, आणि ते का, हे आता निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात मात्र प्रश्नाचा धनी बदलला आहे. माणसाच्या जिवास अपाय करणाऱ्या जनावराला ठार करण्याची परवानगी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक देतो, आणि तीही ते धरता किंवा बेशुद्ध करून हलविता येत नाही अशी त्याची खातरजमा झाल्यावर. यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ म्हणून ओळखली गेलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी अशा परवानगीनंतर एका खासगी नेमबाजाच्या गोळीने पडली आणि तिच्या पडण्याच्या रीतीवरून मोठा वाद माजला. शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात २०२५ च्या नोव्हेंबरात बिबट्या वनखात्याने नेमलेल्या नेमबाजांनी टिपला. दोन्ही प्रसंगी चर्चा झाली ती परवानगीची, डार्टची, माणसाच्या आणि जनावराच्या हक्काची. हाती रायफल कोणती होती आणि ती झाडणाऱ्याने त्या वर्षी सरावाच्या किती गोळ्या झाडल्या होत्या, हे विचारणारे विरळा. वास्तविक खात्याला आता हौशी शिकाऱ्याचाच जुना प्रश्न पडला आहे, फक्त ऐपतीच्या जागी अंदाजपत्रक आले आहे. २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरूड भागात गवा शिरला आणि धावपळीत प्राणास मुकला, तेव्हा जमावाची व्यवस्था ही रायफलीपेक्षा किती अवघड बाब आहे, हेही दिसून आले.

सुदुंबऱ्याच्या शेतकऱ्यापुढे प्रत्यक्षात जे जनावर येते ते रानडुक्कर. ते पिकांची नासधूस करीत असेल तर वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येते. आणि त्यासाठी पीक-संरक्षणाचा परवाना, बारा बोरची बंदूक व खडकीचे काडतूस एवढे पुरे. डुकराला कमी लेखू नये, कारण जखमी नराचे सुळे मांडीची शीर सहज तोडतात, परंतु त्याला .३७५ लागत नाही. बिबट्या दिसला तर वनखात्याला कळवावयाचे, बंदूक उचलावयाची नाही. छर्ऱ्यांनी जखमी झालेला बिबट्या फडात असणे हे न जखमी झालेल्यापेक्षा गावाला केव्हाही वाईट.

राहिल्या त्या जुन्या रायफली. पुणे-सातारा-कोल्हापूरकडील काही घरांत आजोबांची .४२३ किंवा .४०५ अजून कपाटात आहे. तिची काडतुसे मिळत नाहीत, मिळाली तर पन्नास वर्षांपूर्वीची, ज्यांतले एखादे चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणून अशा घरांपुढे निवडीचा प्रसंग आला, आणि पुष्कळांनी बारा बोरची व रिव्हॉल्व्हर ठेवून भारी रायफल सोडली. परवानाधारक वारल्यावर वारसाने शस्त्र ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावे, मग स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. ‘आमच्या आजोबांची आहे’ हे कारण कलम लागू होताना उपयोगी पडत नाही. विकावयाची झाली तर घेणाऱ्याजवळ त्याच व्यासाचा परवाना हवा, आणि असे घेणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. त्यामुळे एके काळी आवाक्याबाहेर असलेली .४२३ आज कोणी फुकट देऊ केली तरी तिची तेल-पुसणी, परवान्याचे नूतनीकरण आणि निवडणुकीच्या दिवसांत ती जमा करण्याच्या खेपा धरता ती घेणाऱ्यास महागच पडेल.